खुर्चीपर्यंतच्या सूचना

४ फेब्रुवारी

आत्या,

बोलावणं आलं! तुझ्याच नकाशा कार्यालयाचं, किनारे विभागातल्या साहाय्यक आरेखकाच्या जागेसाठी. मुलाखत बारा मार्चला, सकाळी साडेदहाला. पोस्टमनच्या हातातून पाकीट घेतलं आणि जिन्यातच फोडलं. वाचून झाल्यावर वर जायचंच सुचेना, तिसऱ्या पायरीवर बसून राहिले. आई धावत खाली आली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"मी चाललेय," मी म्हटलं. "आत्याच्या कार्यालयात. नोकरीला."

"अगं, आधी मुलाखत तर होऊ दे," असं म्हणून तीही माझ्या शेजारी पायरीवर बसली.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. कुठल्या तरी घराच्या खिडक्या रंगवून आले होते, त्यामुळे पत्रावर आता त्यांच्या अंगठ्याचा हिरवा ठसा आहे. ते पुसू म्हणाले, मी पुसू दिला नाही. घराण्यातली पहिली पदवी माझी, तर पहिल्या बोलावण्यावर घराण्याची खूण असायलाच हवी.

तुला एक सांगू? जाहिरात वाचली त्या दिवसापासून मला दुपारी डोळा लागला की एकच खोली दिसते. लांबच लांब, आणि भिंतींना सपाट खणांची कपाटं. एकेक खण ओढला की आत एकेक समुद्रकिनारा निजलेला. मी पाय न वाजवता मधून चालते, आणि कागदातून लाटांसारखी बारीक सळसळ येते. कॉलेजात सरांनी सांगितलं होतं की समुद्र किनारा सारखा बदलत असतो आणि दर काही वर्षांनी कोणीतरी बसून ती रेघ पुन्हा काढतं. आत्या, ते कोणीतरी मला व्हायचंय. हसू नकोस.

नाही झालं तर बाबांनी रंगाच्या दुकानात माझं बोलून ठेवलंय. एक मेपासून गल्ल्याशेजारी बसून डबे विकायचे. मालक भला माणूस आहे, पगारही बरा आहे. पण तिथे बसले की ती खोली मला दिसायची बंद होईल, अशी भीती वाटते.

म्हणून तुला विचारते. तू निवड समितीवर एकवीस वर्षं आहेस, किती माणसं पारखली असशील! वशिला मला नको, तू लावणारही नाहीस. फक्त एवढंच सांग, चांगली छाप कशी पाडायची?

तुझी
ढगू


११ फेब्रुवारी

ढगू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसले नाही. विचारलंस म्हणून जे माहीत आहे ते सांगते.

वेळेआधी अर्धा तास ये. त्याहून आधी नको. दोन दोन तास आधी येणारी माणसं साडेदहापर्यंत पाणी न घातलेल्या झाडासारखी होतात. बाहेर लांब बाक आहे, त्याच्या खिडकीकडच्या टोकाला बस. "सगळं आधीच ठरलेलं असतं हो," असं म्हणणारा एकजण दर खेपेला असतो. त्याच्याशी बोलू नकोस. तो दर खेपेला वेगळा असतो, पण वाक्य तेच.

कोरे कपडे घालू नकोस. कोरं कापड वाजतं आणि माणूस मग त्याचाच आवाज ऐकत बसतो. दोनदा घालून झालेलं, नीट इस्त्रीचं काहीही चालेल. पाणी अर्धाच पेला पी. तळवे रुमालाला पूस, रुमाल बाहेरच घडी कर आणि पिशवीत टाक, हातात घेऊन आत जाऊ नकोस.

नाव पुकारलं की झटकन उठू नकोस. ऊठ, उभी राहा, तीन श्वास घे. दार जड आहे, खांद्याने ढकलू नकोस, तळवा सपाट ठेवून ढकल. दारापासून खुर्चीपर्यंत सात पावलं आहेत. ती सात पावलं, घरात पाणी प्यायला चाललीस अशी टाक. खुर्ची ओढायची नाही, उचलून मागे घ्यायची. फरशी दगडी आहे, ओढलीस तर किंकाळी फुटते आणि मुलाखतीची सुरुवात किंकाळीने होते.

आपल्या घराण्याची एक खोड आहे, ती सोडून ये. कुठल्याही खोलीत शिरलं की आपण आधी छत बघतो. तुझे आजोबा बघायचे, तुझा बाबा बघतो, मीही बघते. समोरच्या माणसांना वाटतं, हिला आपल्यात रस नाही.

बाहेर पडताना कडी पडेपर्यंत मूठ सोडू नकोस. घाईत लोक काय काय करतात! एकजण बाहेर आला, दार लावलं, आणि भांबावून त्याच दारावर टकटक करून म्हणाला, "येऊ का आत?"

जेवण वेळेवर कर.

आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आमच्याकडे रात्रंदिवस वाचलं जातंय. बाबांना तर पाठ झालंय. काल संध्याकाळी त्यांनी रंगाच्या दोन पिंपांवर फळी टाकली, आईला शेजारी बसवलं आणि घसा खाकरून म्हणाले, "समिती बसली आहे." मी जिन्यातून चालत आले, कारण आमच्या खोलीत सात पावलं बसतच नाहीत, पाचव्याला भिंत लागते.

"हं," बाबा म्हणाले, "दहा बाय बाराच्या खोलीला दोन हात मारायला किती डबे लागतील?"

"बाबा, मी आरेखकाच्या जागेसाठी आलेय."

"उत्तर येत नसेल तर तसं सांगा."

मग समितीतल्या बाईंची पाळी. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं जेवण झालंय का?" मी नाही म्हटल्यावर मुलाखत तिथेच संपली.

पण खुर्ची आता मी अशी उचलते की खालच्या मजल्यावरच्यांनाही कळत नाही. आणि तीन श्वासांचं तू सांगितलंस ते फारच खरं. पहिला श्वास भीतीचा असतो, दुसरा नुसता हवेचा. तिसऱ्याला मला ती खणांची खोली दिसते.

हो, एक सांगायचं राहिलं. अर्जात एक रकाना होता. 'या कार्यालयात आपले कोणी नातेवाईक आहेत काय? असल्यास नाते व पद.' मी रिकामा सोडणार होते, उगाच तुझ्या नावाचा फायदा घेतल्यासारखं दिसेल म्हणून. पण बाबा म्हणाले, "लपवणं म्हणजे खोटं बोलणं. लिही ताठ मानेने." मग लिहिलं, 'आत्या, सदस्य, निवड समिती.' बरोबर केलं ना?

आणि आता खरा प्रश्न. खुर्चीवर बसल्यावर पुढे काय? ते काय विचारतात? कशाने त्यांचं मन वळतं? तू आतलीच, तुला तर सगळं ठाऊक. ते लवकर कळव.

ढगू


६ मार्च

ढगू,

उशीर झाला. बरं नव्हतं.

आत काय विचारतात ते मी सांगणं योग्य नाही. तू अभ्यास केला आहेस, तो पुरेल. आतमध्ये माझा विषय काढू नकोस. त्यांनी काढलाच, तर थोडक्यात आटप.

बारा तारखेला मी रजेवर आहे. तू आलीस आणि मी तिथे असले तर बरं दिसायचं नाही. घरीही येऊ नकोस, सकाळच्या बसने ये आणि संध्याकाळच्या बसने परत जा. निकाल लागला की भेटू.

खाऊन नीघ. उपाशी पोटी आवाज बारीक होतो.

आत्या


१५ मार्च

आत्या,

तुझ्या सहा तारखेच्या पत्रावर बाबा म्हणाले होते, "बघ, तत्त्वाची बाई. सख्ख्या भाचीसाठी रजा टाकली." मलाही तसंच वाटलं होतं. आता जे झालं ते सांगते. वाचून रडू नकोस आणि मध्येच ठेवूनही देऊ नकोस.

बाक, खिडकी, अर्धा पेला, सगळं तू सांगितलंस तसंच केलं. "सगळं आधीच ठरलेलं असतं हो," म्हणणारे गृहस्थही आले होते. दाराशी स्टुलावर एक काका होते, टपाल खात्यातून एका दिवसापुरते आणून बसवलेले. पहिलं नाव पुकारण्याआधी त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "आमच्या बाई आज रजेवर आहेत. त्यांनी बजावलंय, सगळ्यांना सांगायचं म्हणून." आणि वाचायला लागले. रुमाल बाहेरच घडी करा. उभं राहून तीन श्वास घ्या. दार तळव्याने ढकला. आत सात पावलं. खुर्ची उचला, ओढू नका.

आत्या, माझंच पत्र कोणीतरी चारचौघांत वाचून दाखवतंय असं वाटलं. मी विचारलं, "या बाई कोण?"

"इथेच बसतात, या स्टुलावर. वीस-एकवीस वर्षं झाली."

तुझं सगळं पत्र मनात परत उलगडत गेलं. बाक, रुमाल, दार, बाहेर येऊन टकटक करणारा माणूस. तुझ्या सूचना खुर्चीपर्यंत होत्या. पुढचं तुला माहीतच नव्हतं.

रागही आला, खोटं का सांगेन. पण त्याहून आधी अर्जातला तो रकाना आठवला. तळाशी छापलं होतं, खोटी माहिती आढळल्यास अर्ज बाद होईल. आणि माझं नाव पुकारलं गेलं.

तिसऱ्या श्वासाला मला काहीच दिसलं नाही. सात पावलं झाली, खुर्ची उचलली, बसले, आणि आत्या, मी छत बघितलं! कोपऱ्यात ओल आहे. वरचा हात आधीचा वाळायच्या आत मारलाय, म्हणून पोपडे सुटलेत.

"छत आवडलं का?" मधले साहेब म्हणाले. त्यांचा चष्मा कपाळावर होता.

"आमच्याकडे रंगकाम करतात," मी म्हटलं. "सवय आहे. माफ करा." उजवीकडच्या बाई हातातल्या पेन्सिलीमागे हसल्या. मग त्यांनी विचारलं, चित्र आणि नकाशा यांत फरक काय? मी म्हटलं, चित्र चुकलं तर कोणी वाट चुकत नाही. हे मी कुठेही वाचलेलं नव्हतं, आपसूक आलं. डावीकडचे साहेब काहीतरी लिहायला लागले आणि मला वाटलं, आता सगळं नीट होणार.

तेवढ्यात चष्मेवाल्या साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुमच्या आत्या निवड समितीत आहेत असं लिहिलंय. समितीत आम्ही तिघे. त्यात बाई या एकच. तुमच्या आत्या या का?"

"मला भाऊच नाही," बाई म्हणाल्या.

दोन उत्तरं मनात येऊन गेली. एक म्हणजे, चुकून दुसऱ्याच कार्यालयाचं लिहिलं. ते खपलंही असतं. आणि दुसरं खरं. आत्या, समुद्राची रेघ खरी काढायची म्हणून मी त्या खुर्चीवर बसले होते. पहिल्याच दिवशी खोटी कशी काढू?

म्हटलं, "हे चुकलंय. घरी आम्हाला तसंच माहीत होतं. खरं मला आत्ता बाहेर बाकावर कळलं. माझी आत्या या दाराबाहेर बसते. आज माझ्यामुळे रजेवर आहे."

"म्हणजे आमच्या बाई?" साहेब म्हणाले. "नाव काय त्यांचं?"

मी तुझं नाव सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आत्या, त्यांच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

"अर्ज बाद होऊ शकतो, कल्पना आहे?"

"आहे. पण चूक माझ्या हातची आहे. तिला काही विचारू नका."

मग पेन्सिलवाल्या बाईंनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "आमच्याकडे नकाशात चूक निघाली तर खोडायची पद्धत नाही," त्या म्हणाल्या. "वरून एक बारीक आडवी रेघ, शेजारी बरोबर ते लिहायचं, सही, तारीख. आधी काय चुकलं होतं तेही पुढच्याला वाचता आलं पाहिजे. करा दुरुस्त."

मी रेघ मारली. तुझ्या पदाला काय म्हणतात ते मात्र मला माहीत नव्हतं. मी विचारलं, तर त्यांनाही नीट सांगता येईना. शेवटी लिहिलं, 'आत्या. मुलाखतीस आलेल्यांना आत सोडतात.' सही केली.

"या दुरुस्तीचं काय करायचं ते आम्ही ठरवू," साहेब म्हणाले. "या तुम्ही."

उठताना खुर्ची किंचाळली. दार वाऱ्याने माझ्या हातून सुटलं आणि असं आपटलं की स्टुलावरचे काका उठून उभे राहिले.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते तूच ठरव. मला फक्त एवढं सांग, तू आम्हाला का नाही सांगितलंस?

ढगू


२४ मार्च

ढगू,

पहिल्या वर्षी मी घरी लिहिलं होतं की निवडीच्या कामावर लागले. ते खरंच होतं, निवड व्हायची त्या दिवशी मला दाराशी बसवायचे. तुझ्या बाबाने उलट लिहिलं, ताई समितीवर गेली, मी गल्लीभर सांगितलं. ते पत्र वाचताना मी त्याच स्टुलावर बसले होते. पुढच्या पत्रात दुरुस्त करू म्हटलं. पुढच्या पत्रात तू झाल्याचं कळलं, तेव्हा हा विषय कसा काढणार? मग राहिलं ते राहिलंच. तुमच्याकडून येणाऱ्या पत्रांतली ती मोठी बाई मला आवडायची. कधी कधी वाटायचं, ती खरंच आतल्या खोलीत बसली आहे, आणि मी तिचंच दार राखते आहे.

तू रकान्याबद्दल लिहिलंस तेव्हाच मी कळवायला हवं होतं. रोज पत्र लिहायला घ्यायची, रोज फाडायची. दोन आठवडे गेले. मी लिहिलं असतं तर तुला आधीच दुरुस्ती करता आली असती. मी माझी अब्रू सांभाळली आणि तुझा अर्ज पणाला लावला. हे मला टोचतं आहे, ते तसंच टोचू दे.

आणि सल्ल्यांचंही खरं सांगते. माणूस बाहेर कसा येतो यावरून कोणाचं होणार ते मी एकवीस वर्षं मनात ठरवत आले आहे. कधी बरोबर निघतं, कधी चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच निघालं असतं. रुमाल हातात घेऊन गेलेलेही निवडले गेले आहेत. तरी मी सांगते, कारण बाकावर बसलेल्या माणसाला हाताशी काहीतरी काम लागतं.

बारा तारखेला मी घरी नव्हते. समोरच्या बागेत झाडाखाली उभी होते. तू पायऱ्या चढलीस ते पाहिलं. बाहेर आलीस तेव्हा मधल्या पायरीवर थांबून वर आभाळाकडे बघत राहिलीस. मला हाक मारायची होती. दिवसभरात पन्नास जणांना हाका मारणारी बाई मी, पण घशातून आवाज निघाला नाही. तू वळलीस आणि बसच्या दिशेने गेलीस.

दुसऱ्या दिवशी साहेब आत जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते माझं नाव घेऊन म्हणाले, "आज किती जण आहेत?" मी म्हटलं, "नऊ." ते आत गेले. निकालाचं काही बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

बाबाला याच टपालाने वेगळं पत्र टाकलं आहे.

आत्या


३ एप्रिल

आत्या,

बाबांनी तुझं पत्र खिडकीशी उभं राहून वाचलं. मग पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "काय झालं ते बोला तरी." बाबा उठले. ब्रश धुवायला गेले आणि धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवत बसले.

जेवताना एकदम म्हणाले, "म्हणजे एकवीस वर्षं तिथे जो कोणी आत गेला, तो माझ्या बहिणीला विचारून गेला."

"विचारून नाही हो, तिने बोलावल्यावर," आई म्हणाली.

"तेच ते."

नंतर हळूच म्हणाले, "गल्लीत मी सांगायला नको होतं. तिला परत फिरायला वाटच ठेवली नाही मी." ते तुला लिहितीलच. नाही लिहिलं तर मी सांगितलं असं समज.

माझा राग बसमध्येच अर्ध्या वाटेत उतरला होता. बागेतलं वाचलं तेव्हा उरलासुरलाही गेला. पण इतक्या जवळ उभी होतीस आणि मी वर बघत होते, याची चुटपुट लागून राहिली आहे.

दुकानाचे मालक काल विचारून गेले, एक तारखेपासून नक्की ना? मी हो म्हटलं. जागा तिघांची, आलो होतो चाळीस, आणि माझ्या अर्जावर आडवी रेघ. दुपारी मला अजून ती खोली दिसते, पण आता खण ओढायला गेलं की हात पोचत नाही.

ढगू


१९ एप्रिल

ढगू,

तुला कार्यालयाचं पाकीट मिळायला चार दिवस लागतील. त्याआधी हे पोचावं म्हणून जलद टपालाने टाकते आहे.

याद्या फळ्यावर चिकटवायचं काम माझंच. आज जेवणाच्या सुट्टीत टंकलेखक बाईंनी कागद हातात दिला. तो मी वाचला नाही. उलटा धरून फळ्यापर्यंत नेला, खळ लावली, डोळे मिटून कागद टेकवला आणि मधून कडेला तळवा फिरवत बसवला, एकही फुगा राहू दिला नाही. मग दोन पावलं मागे झाले आणि डोळे उघडले.

वर 'एक मेपासून रुजू व्हावे', खाली तीन नावं आहेत. दुसरं तुझं.

बोळ रिकामा होता, बाक रिकामा, खिडकीतून त्यावर ऊन पडलं होतं. आणि ढगू, माझ्या तोंडून हाक निघाली. रोज मारते तशीच खणखणीत, तुझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं. बोळाच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली.

साहेब दार उघडून बाहेर डोकावले. चष्मा कपाळावर. "कोण आलंय, बाई?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं. "एक तारखेला येईल."

आत्या